वेबसाइटसाठी कोड एडिटर कोणता? मोंढ्याचं एक पान बनवून स्वतःच ठरवा

परभणीत माझ्या खोलीवर संध्याकाळी पाच-सहा पोरं-पोरी वेबसाइट बनवायला शिकतात. वेबसाइटचा कोड ज्यात लिहायचा त्या सॉफ्टवेअरला एडिटर म्हणतात. पहिल्या दिवशीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, एडिटर कोणता टाकू?" आधी मी सगळ्यात जास्त चालणाऱ्या एडिटरचं नाव सांगून मोकळा व्हायचो. मग एकदा पूर्णेहून एक पोरगा सेकंडहँड लॅपटॉप घेऊन आला. चार जीबी रॅम, आतमध्ये फिरणारी जुनी हार्ड डिस्क. एडिटर उघडायला टाकायचा आणि खाली टपरीवर जाऊन चहा पिऊन यायचा, असा त्याचा क्रम झाला होता. "काय करायलास बाबा?" विचारलं की उत्तर एकच, "उघडायलंय सर."

दोष एडिटरचा नव्हता, मी मशीन न बघता नाव सांगितलं होतं. तेव्हापासून नाव सांगणं बंद केलं. आता प्रत्येकाला एकच छोटं पान दोन-तीन एडिटरांत बनवायला लावतो आणि मग त्याचं त्यालाच ठरवू देतो. या कामाला एक रविवार पुरतो. पुढे तोच रविवार पायरी-पायरीने लिहिला आहे.

पायरी १: आधी मशीन बघा

विंडोज असेल तर सेटिंग्ज, सिस्टम आणि शेवटी अबाउट उघडा. तिथे तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: रॅम किती, विंडोज कोणतं, आणि ते ३२ बिट आहे की ६४ बिट. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. नव्या विंडोजमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कच्या खाली एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) की एचडीडी (फिरणारी) तेही दिसतं.

एवढ्यावरच अर्धा निकाल लागतो. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरने विंडोज ७ ची साथ १.७० आवृत्तीनंतर सोडली, विंडोज ८ आणि ८.१ ची १.७९ नंतर, आणि ३२ बिट विंडोजची १.८३ नंतर, म्हणजे २०२३ साली. जुनी आवृत्ती शोधून टाकता येते, पण तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. ग्राहकाच्या होस्टिंगचे (साइट जिथे चढवून ठेवतात त्या जागेचे) पासवर्ड ज्या मशीनवर असतात तिथे हा जुगार नको.

"सिस्टम टाइप" ही ओळ मात्र नीट वाचा. पुष्कळ जुन्या लॅपटॉपवर तिथे ३२ बिट विंडोज आणि ६४ बिट प्रोसेसर असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे यंत्र चांगलं आहे, दुकानदाराने वर चुकीचं विंडोज टाकून दिलंय. अशा लॅपटॉपवर विंडोजऐवजी ६४ बिट लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली बसवली की नवीन एडिटर चालतात आणि विंडोजच्या परवान्याचा प्रश्नही राहत नाही. रॅम चार जीबी आणि डिस्क फिरणारी असेल, तर एडिटर बदलण्याआधी छोटी एसएसडी बसवण्याचा खर्च करा. कुठलाही एडिटर बदलून तेवढा फरक पडत नाही.

पायरी २: चाचणीचं पान

मोंढ्यातल्या, म्हणजे धान्य बाजारातल्या, एखाद्या आडत दुकानाचं एक पान डोळ्यांसमोर आणा. वर दुकानाचं नाव, खाली आजच्या भावाचा तक्ता: सोयाबीन, तूर, हरभरा, हळद. प्रत्येकासमोर किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. त्याखाली फोन नंबर, दोन फोटो आणि पत्ता. इकडे नव्या वेबसाइटवाल्याला पहिलं गिऱ्हाईक बहुतेक असलंच मिळतं, म्हणून चाचणीही असल्याच पानावर.

डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा. फोल्डरचं आणि फाइलींचं नाव इंग्रजी लहान लिपीत ठेवा, मध्ये रिकामी जागा नको. विंडोज मोठ्या-छोट्या इंग्रजी अक्षरांत फरक करत नाही, पण बहुतेक होस्टिंग लिनक्सवर असतं आणि लिनक्स करतं. मोबाइलमधून आलेल्या फोटोच्या नावात शेवटचं "जेपीजी" कधी कधी मोठ्या लिपीत असतं, तुम्ही कोडमध्ये लहान लिपीत लिहिता, आणि लॅपटॉपवर झकास दिसणारा फोटो साइट चढवल्यावर गायब होतो. माझ्या पहिल्या ग्राहकाने फोन करून विचारलं होतं, "दादा, माझ्या दुकानाच्या जागी फाटलेला कागद कावून दिसायला?"

पानात ही एक ओळ जशीच्या तशी टाका:

तिसऱ्या गाळ्यात ज्ञानोबा काकांची ज्वारी, वऱ्हाडातली तूर, कृष्णाकाठची हळद आणि लक्ष्मीपूजनाचा पहिला सौदा.

मराठीतली बरीच अवघड जोडाक्षरं या ओळीत आली आहेत. एडिटर मराठीशी कसा वागतो ते याच ओळीवर कळतं. पुढे तिचं काम पडणार आहे.

पायरी ३: एडिटर एकेक करून टाका

उतरवताना एडिटरच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. आणि तिन्ही एकाच दिवशी टाका, नाहीतर पहिल्याचीच सवय लागते आणि तुलना राहून जाते.

नोटपॅड प्लस प्लस. डॉन हो यांनी २००३ मध्ये आणलेला, मुक्त परवान्याचा, फक्त विंडोजसाठी. उतरवायला मोजके एमबी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरसुद्धा चहा निवायच्या आत येतो. त्याला मराठीतून मेनू आहे, सेटिंग्जमध्ये भाषा बदलली की झालं. मेनू मराठीत करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी इंग्रजीच ठेवतो, कारण अडलं तर व्हिडिओतला माणूस इंग्रजी मेनूच दाखवत असतो.

टाकल्यावर फाइल मेनूतून "ओपन फोल्डर अॅज वर्कस्पेस" करा, म्हणजे डावीकडे सगळ्या फाइली दिसतील. प्रेफरन्सेसमध्ये ऑटो कम्प्लिशनच्या पानावर टॅग (टोकदार कंसांत लिहिलेल्या कोडच्या खुणा) आपोआप बंद करण्याची खूण चालू करा. पान बघायचं तर व्ह्यू मेनूतून ब्राउझर निवडायचा आणि बदल केला की ब्राउझरमध्ये एफ ५ दाबायचं. हे जुनं वळण आहे, पण शिकणाऱ्याला सेव्ह करणं म्हणजे काय हे त्याने चांगलं कळतं. आणखी एक मजा: ऑल्ट दाबून माउस ओढला की उभी पट्टी निवडली जाते. भावाच्या तक्त्यातला अख्खा "कमाल भाव" रकाना एका झटक्यात बदलता येतो.

व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये जाहीर केला, १.० आवृत्ती २०१६ मध्ये आली. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याचा मूळ कोड मुक्त आहे, मात्र तुम्ही उतरवता ती तयार प्रत मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या परवान्याखाली येते आणि वापराची माहिती कंपनीकडे पाठवते. ते सेटिंग्जमधून बंद करता येतं. ज्यांना ते मुळातच नको, त्यांच्यासाठी त्याच कोडमधून बनवलेला व्हीएस कोडियम आहे, फक्त त्याचं एक्स्टेन्शनचं, म्हणजे वरून जोडायच्या सोयींचं, दुकान वेगळं आहे.

तो जड का, हे एकदा समजून घ्या म्हणजे चिडचिड होत नाही. तो इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे. इलेक्ट्रॉन म्हणजे क्रोमच्या पोटातलंच इंजिन. एडिटर उघडला की एक आख्खा ब्राउझर उघडल्यासारखंच असतं, शेजारी खरा क्रोम उघडा असतो तो वेगळाच. चार जीबीत विंडोज, एडिटर आणि क्रोम तिघांनी राहायचं म्हणजे एका खाटेवर तीन पाहुणे.

बदल्यात मिळतं ते मात्र भरपूर. एमेट, म्हणजे छोट्या खुणेवरून अख्खा कोड लिहून देणारी सोय, आतच आहे: रिकाम्या एचटीएमएल फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबला की पानाचा सांगाडा तयार. भावाच्या तक्त्यासाठी "टीआर*४>टीडी*४" एवढं, अर्थातच इंग्रजी अक्षरांत, लिहून टॅब दाबा. चार ओळी आणि प्रत्येकीत चार रकाने उभे राहतात. शिकणाऱ्याचा चेहरा या क्षणी बघण्यासारखा असतो. फक्त सांगाड्यात भाषेचा संकेत इंग्रजीचा "ईएन" येतो. तो मराठीचा "एमआर" करा. ज्या फॉण्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तो हा संकेत बघूनच ती वळणं दाखवतो. दरवेळी बदलायचा कंटाळा येत असेल तर सेटिंग्जमध्ये "एमेट व्हेरिएबल्स" शोधून तिथे कायमचा मराठी करून ठेवा.

सबलाइम टेक्स्ट. २००८ पासून आहे, चौथी आवृत्ती २०२१ ची. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असल्याने झपाट्याने उघडतो, मोठी फाइलही अडखळत नाही. कंट्रोल, शिफ्ट, पी दाबून हवी ती आज्ञा शोधायची सवय यानेच लोकप्रिय केली, नंतर ती बाकीच्यांनी उचलली. परवाना ९९ डॉलरचा, त्यात तीन वर्षांचे अपडेट. चाचणीला मुदत नाही, अधूनमधून विकत घेण्याची आठवण करून देणारी खिडकी येते. पण त्याचा अर्थ फुकट असा नाही. कमाई सुरू झाली की परवाना घ्या. आमच्याकडे याच जागी "क्रॅक" मागितला जातो. ग्राहकाचे पासवर्ड जिथे टाइप करायचे तिथे कुणीतरी फोडलेलं सॉफ्टवेअर बसवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. एमेट यात आधीपासून नसतं, पॅकेज कंट्रोल या त्याच्या जोड-सोयींच्या दुकानातून घ्यावं लागतं. सेटिंग्ज म्हणजे कोडसारखी लिहिलेली मजकुराची फाइल, नवख्याला तिथे जरा धास्ती वाटते.

बाकीच्यांचं थोडक्यात. वेबस्टॉर्म ऑक्टोबर २०२४ पासून गैरव्यावसायिक वापराला फुकट आहे. आडत्याने पैसे दिले की काम व्यावसायिक झालं, आणि आठ जीबी रॅमच्या खाली त्याचा विचारही नको. झेड हा रस्ट भाषेत लिहिलेला, वेगवान. विंडोजवर २०२५ मध्ये आला, पण तो ग्राफिक्सवर भर देतो, जुन्या लॅपटॉपवर त्याची खात्री नाही. कर्सर हा व्हीएस कोडवरूनच बनवलेला, एआयवर भर असलेला. माझ्याकडे पहिले तीन महिने एआय बंद असतो. टॅब दाबला की उत्तर येतं आणि टॅग का लिहिला ते पोराला सांगता येत नाही. व्हिम १९९१ पासून आहे आणि सर्व्हरवर हटकून भेटतो, म्हणून त्यातून बाहेर कसं पडायचं तेवढं शिकून ठेवा: एस्केप, मग विसर्गासारखी दोन टिंबं, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देतं, म्हणून मराठी तिथे मोडकी दिसते. मराठी पान लिहायला तो घेऊ नका.

जुन्या व्हिडिओत आणि क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये अजून अॅटम आणि ब्रॅकेट्स भेटतात. ब्रॅकेट्सची साथ अडोबीने १ सप्टेंबर २०२१ ला थांबवली, अॅटम १५ डिसेंबर २०२२ ला बंद झाला. तेवढं पान उलटून पुढे जा.

पायरी ४: तिघांची परीक्षा

लॅपटॉप बंद करून चालू करा. दोन मिनिटं शांत बसू द्या. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून एडिटर उघडा आणि टाइप करता येईपर्यंतचा वेळ लिहा. दुसऱ्यांदा उघडताना तो लवकर उघडतो, तो आकडा फसवा असतो. पहिलाच धरा. प्रत्येक एडिटरसाठी मशीन पुन्हा सुरू करायचा कंटाळा येतो, पण करा.

आता फोल्डर, त्यातल्या फाइली आणि शेजारी क्रोमच्या चार टॅब उघडून टास्क मॅनेजरमध्ये एडिटरच्या नावासमोरची मेमरी बघा. नावाशेजारच्या बाणावर क्लिक केलं की व्हीएस कोडच्या खाली पाच-सात वेगवेगळ्या प्रक्रिया दिसतात, त्यांची बेरीज धरायची. नोटपॅड प्लस प्लसची एकच असते. वर एकूण मेमरीचा टक्का नव्वदीच्या पुढे राहत असेल, तर त्या मशीनवर तो एडिटर दुपारच्या उन्हात पंखा ओरडवणार.

मग विजेची परीक्षा. आमच्याकडे ही सगळ्यात महत्त्वाची. पानात चार ओळी लिहा, सेव्ह करू नका, अर्धा मिनिट थांबा, आणि टास्क मॅनेजरमधून एडिटरला "एंड टास्क" करा. खरी वायर उपटू नका, डिस्कला इजा होते. पुन्हा उघडा. तिन्ही एडिटर न जपलेला मजकूर परत आणण्याची सोय ठेवतात. नोटपॅड प्लस प्लस दर सात सेकंदांनी वेगळ्या फोल्डरात प्रत ठेवतो. लक्षात घ्या, मूळ फाइल मात्र जुनीच असते. तीच जुनी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गेलात तर दुसरीकडे कालचे भाव दिसतील.

व्हीएस कोडमध्ये फाइल मेनूत "ऑटो सेव्ह" आहे. त्यावर खूण केली की टाइप करणं थांबल्यावर एका सेकंदात खरी फाइलच जपली जाते. याला जोडून डावीकडच्या पट्टीत खाली "टाइमलाइन" असते: प्रत्येक सेव्हची जुनी प्रत, एका फाइलच्या पन्नासपर्यंत. चुकून अख्खा तक्ता पुसून सेव्ह झालं तरी तासाभरापूर्वीचं पान परत मिळतं. ही सोय २०२२ मध्ये आली आणि माझ्या मते चार जीबीवाल्यानेही ओझं सहन करून व्हीएस कोड घ्यावा, असं एकच कारण असेल तर हे. वीज आणि डिस्क यांचा मात्र भरवसा नाही. एका पोरीच्या डेस्कटॉपवर सेव्ह चालू असतानाच वीज गेली. फाइल उघडली तर मजकुराच्या जागी ओळभर काळ्या चौकटींत "नल, नल, नल". डिस्कवर लिहायचं राहून गेलं होतं. त्यावर एडिटरकडे उपाय नाही, दिवसाखेर दुसरीकडे प्रत ठेवणं हाच. गिट (कोडच्या जुन्या प्रतींची नोंद ठेवणारं साधन) शिकेपर्यंत तारखेच्या नावाने फोल्डरची झिप करून स्वतःलाच मेल केलीत तरी चालेल.

शेवटी बोटांची परीक्षा. कंट्रोल, शिफ्ट, एफ दाबलं की सगळ्या फोल्डरात शोध, हे तिन्हींत सारखं. पण कंट्रोल आणि डी दाबल्यावर व्हीएस कोड आणि सबलाइम तोच शब्द पुढे जिथे आहे तोही निवडतात, नोटपॅड प्लस प्लस मात्र अख्खी ओळ खाली दुसऱ्यांदा लिहितो. कॉलेजच्या लॅबमध्ये एक आणि घरी दुसरा एडिटर असेल तर इथे हमखास गफलत होते. लॅबमध्ये सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते तेव्हा पेनड्राइव्ह वापरा: व्हीएस कोडची झिप प्रत उलगडून तिच्यात "डेटा" नावाचं फोल्डर इंग्रजीत तयार केलं की सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन सगळं पेनड्राइव्हवरच राहतं. नोटपॅड प्लस प्लसचीही तशी प्रत मिळते.

पायरी ५: मराठी ओळीचा निकाल

आता ती ज्ञानोबा काकांची ओळ. तीन गोष्टी बघा. एक, "तिसऱ्या" आणि "वऱ्हाड" मधला र डोळ्याच्या पापणीसारखा दिसतो का, की मध्ये पाय मोडलेला र उभा आहे. दोन, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार ओळीच्या कडेला कापले जातात का. तीन, कर्सर "मोंढा" शब्दातून बाणाने हलवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबा. वाचणाऱ्याला दोनच अक्षरं दिसतात, पण संगणकाला ती पाच चिन्हं आहेत: म, ओकार, अनुस्वार, ढ, काना. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण पंधरा. एडिटर कर्सर कुठे थांबवतो आणि बॅकस्पेसला काना जातो की ढासकट जातो, हे हाताला माहीत असलेलं बरं.

मात्रा कापल्या जात असतील तर बहुतेक वेळा एडिटर बदलायची गरज नसते. विंडोजवरच्या कन्सोलाससारख्या कोडच्या फॉण्टमध्ये देवनागरी नसतेच, विंडोज ती निर्मला यूआय किंवा मंगलकडून उसनी आणतं, आणि त्यांची उंची जुळत नाही. व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये फॉण्टच्या यादीत कन्सोलासनंतर निर्मला यूआय लिहा आणि ओळीची उंची १.६ करा. नवीन माणसाला वाटतं एडिटर मराठी "सपोर्ट" करत नाही, आणि उपाय एवढाच असतो.

कळफलकाचा गोंधळ वेगळाच. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कळफलकात स्वल्पविरामाच्या कळीवर शिफ्ट दाबलं की टॅगच्या टोकदार कंसाऐवजी ष येतो, आणि तिरप्या रेघेच्या कळीवर य बसलेला आहे. म्हणजे टॅग ना उघडतो ना बंद होतो. म्हणून आधी इंग्रजीत पूर्ण सांगाडा उभा करा, मग विंडोज आणि स्पेस दाबून मराठीत जा आणि रिकाम्या जागा भरा. काही मराठी कळफलकांवर आकडेही देवनागरी येतात. पानावर "१६" छान दिसतं, पण सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट लिहायच्या भाषेत, फॉण्टचा आकार देवनागरीत "१६" लिहिला तर ब्राउझर ती ओळ मुकाट्याने सोडून देतो. लाल रेघ नाही, तक्रार नाही. तास-तास गेले आहेत यात.

एन्कोडिंगसाठी, म्हणजे फाइलमध्ये अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली ते कळायला, व्हीएस कोड आणि नोटपॅड प्लस प्लसमध्ये खिडकीच्या तळाशी उजवीकडे बघा, यूटीएफ-८ लिहिलेलं हवं. पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या मागे जपानी येनची खूण, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर फाइल ठीक आहे, वाचणारा चुकतोय. पानाच्या डोक्यात कॅरेक्टर सेटची ओळ राहिली असेल, ती टाका. जागोजागी प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मजकूर सेव्ह होतानाच मेला. तो परत येत नाही. नोटपॅड प्लस प्लसच्या एन्कोडिंग मेनूत दोन प्रकार आहेत आणि पोरं हमखास चुकतात: नुसतं यूटीएफ-८ निवडणं म्हणजे "असं वाच", आणि "कन्व्हर्ट टू" म्हणजे "असं लिही". आधी योग्य वाचून घ्या, मग कन्व्हर्ट करा. पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) लिहिणाऱ्यांनी बीओएम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण, नसलेलाच प्रकार घ्यावा. तो अदृश्य ठिपका फाइलच्या डोक्यावर बसला की हेडरची चूक येते आणि कोडमध्ये काहीच सापडत नाही.

मोंढ्यातल्या दुकानदाराचा मजकूर बहुतेक फ्लेक्सवाल्याकडून येतो, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये. एडिटरमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या जुन्या फॉण्टमध्ये खरोखरच इंग्रजीचे संकेत असतात, फक्त चेहरा मराठीचा रंगवलेला असतो. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि मग पहिल्या वेलांट्या, रफार आणि पापणीचा र हे तिन्ही डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात. पापणीचा र तर दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिता येतो, एकात अदृश्य जोडणी असते, दुसऱ्यात नुक्त्याचा र. दिसायला सारखे, पण शोधायला वेगळे. "तिसऱ्या" शोधला, समोर दिसत असूनही सापडला नाही, तर हेच कारण. पानातलाच शब्द उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा आणि सगळीकडे एकच प्रकार करून टाका.

पायरी ६: ठरल्यावर पहिल्या दिवशीच्या सेटिंग्ज

व्हीएस कोड घेतला असेल तर ऑटो सेव्ह चालू, मिनिमॅप (उजवीकडचा कोडचा छोटा नकाशा) बंद, टेलिमेट्री (वापराची माहिती पाठवणं) बंद, आणि अपडेट "मॅन्युअल". नाहीतर ऐन कामात मोबाइलचा दिवसाचा डेटा अपडेट खाऊन टाकतो. लांब मराठी परिच्छेद खिडकीबाहेर जातात, त्यासाठी ऑल्ट आणि झेड. एक्स्टेन्शन दोनच: लाइव्ह सर्व्हर आणि कोड नीट मांडून देणारा प्रेटियर. रंगीबेरंगी थीम आणि चिन्हांची पाकिटं नंतर. एकेका पोराच्या लॅपटॉपवर मी तीस-चाळीस एक्स्टेन्शन मोजली आहेत, आणि तक्रार एडिटर हळू असल्याची.

लाइव्ह सर्व्हर चालू केला की पान ५५०० पोर्टवर उघडतं आणि सेव्ह केलं की आपोआप बदलतं. लॅपटॉप मोबाइलच्याच हॉटस्पॉटवर असेल तर लॅपटॉपचा आयपी पत्ता, दोन टिंबं आणि ५५०० मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाका. विंडोज फायरवॉलने विचारलं तर खासगी नेटवर्कला परवानगी द्या. शेतकरी भाव मोबाइलवरच बघणार आहे, उन्हात, तेव्हा तक्ता तिथे वाचता येतो का हे बांधावर उभं राहून बघितलेलं उत्तम.

लॅपटॉपच नसेल तर अॅण्ड्रॉइडवर अॅकोड नावाचा मुक्त एडिटर आहे, पान तिथल्या तिथे बघता येतं. सांगाडा आणि सीएसएस शिकायला पुरतो. माझ्याकडे एकीने पहिला महिना त्यावरच काढला.

माझा स्वतःचा हिशेब असा आहे. आठ जीबी आणि एसएसडी असेल तर व्हीएस कोड, फार विचार करू नका. चार जीबी आणि एसएसडी असेल तर व्हीएस कोड दोन एक्स्टेन्शनवर चालवून बघा, जमलं नाही तर सबलाइम. फिरणारी डिस्क किंवा ३२ बिट विंडोज असेल तर नोटपॅड प्लस प्लस. लिनक्सवरच्या जुन्या मशीनला त्याच्या जागी जीनी हा हलका एडिटर चांगला.

निवड बदलावीशी वाटली तर फोल्डर तोच राहतो, नव्या एडिटरमधून फक्त उघडायचा. सोबत येत नाहीत त्या सेटिंग्ज. म्हणून टॅबची रुंदी आणि एन्कोडिंग नव्या ठिकाणी पहिल्यांदा तपासा, नाहीतर पहिल्याच सेव्हला सगळ्या फाइलीत बदल दिसतो. पूर्णेच्या त्या पोराने सहा महिने नोटपॅड प्लस प्लसवर काढले, दोन आडत दुकानांची पानं त्यावरच केली, आणि आलेल्या पैशांतून आधी एसएसडी घेतली. एडिटर त्याने अजून बदललेला नाही.